पाइप भरलेला, नळ कोरडा : थंडीत पाणी गोठतं तेव्हा

 

आपल्याकडे नळ कोरडा पडला की कारण शोधावं लागत नाही. पाणी सुटलेलं नसतं, मोटार बंद असते, नाहीतर टँकर आलेला नसतो. पण ज्यांची मुलं, भाऊ, जावई लष्करात आहेत आणि लेह-कारगिलकडे नेमणुकीवर आहेत, त्यांना हिवाळ्यात फोनवर वेगळंच ऐकायला मिळतं. पाइपात पाणी आहे, पण नळाला थेंब नाही! काही लेकीसुना नवऱ्याच्या नोकरीमुळे अशा थंड मुलखात बिऱ्हाडही करतात. म्हणून आज पाइपात बर्फ कसा होतो, पाइप का फुटतो आणि काय काळजी घ्यायची, हे समजून घेऊ.

पाणी शून्य अंशाला गोठतं. पुण्यात आजवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान १.७ अंश, तेही १९३५ च्या जानेवारीतलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधी कधी पहाटे दव गोठतं, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. पण तो थर पातळ असतो आणि ऊन आलं की विरघळतो. लेहला हिवाळ्याच्या रात्री तापमान उणे १५ अंशांपर्यंतही उतरतं. तिथे उघड्यावरचा पाइप कसा टिकणार?

आता पाण्याचा एक विचित्र स्वभाव पाहा. बहुतेक वस्तू थंड झाल्या की आकसतात. पाणीही ४ अंशांपर्यंत आकसतं, पण त्याखाली गेलं की उलट फुगायला लागतं. बर्फ होताना तर जास्तच फुगतं. एक लिटर पाण्याच्या बर्फाला सुमारे एक लिटर नव्वद मिलिलिटर जागा लागते. घरी फ्रिज असेल तर करून बघा. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या घ्या. एक काठोकाठ भरा, दुसरी पाऊण भरा, झाकणं लावून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी काठोकाठ भरलेली बाटली फुगलेली नाहीतर तडकलेली दिसेल. काचेची बाटली मात्र ठेवू नका, ती फुटून काचा हाताला लागतील.

पाइपात हेच घडतं, पण टप्प्याटप्प्याने. बाहेरची थंडी आधी पाइपाला लागते, म्हणून बर्फ आतल्या भिंतीला धरतो. बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार धरतात ना, तसाच. मधली वाट अरुंद होत जाते आणि शेवटी बर्फाचं बूच बसतं. पाणी बंद!

पण पाइप फुटतो तो नुसत्या या बुचामुळे नाही. बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये थोडं पाणी कोंडलेलं असतं. बर्फ वाढत जातो आणि त्या पाण्याला ढकलतो. पाणी दाबून लहान होत नाही आणि त्याला जायला वाट नसते. दाब वाढत जातो आणि पाइप जिथे कच्चा असेल तिथे, बहुधा सांध्यावर, फुटतो. तिथे बर्फ असेलच असंही नाही. वाघोलीच्या खाणीत दगड सुरुंगाने फोडतात. हिमालयात खडकाच्या भेगेत शिरलेलं पाणी गोठून खडक फोडतं. एवढा जोर बर्फात असतो.

मग वाहतं पाणी लवकर का गोठत नाही? कारण टाकीतून किंवा जमिनीखालून येणारं नवं पाणी थोडी ऊब घेऊन येतं. शिवाय शून्य अंशाचं पाणी लगेच बर्फ होत नाही. ८० अंशांचं गरम पाणी शून्यावर आणताना जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढीच शून्य अंशाच्या पाण्याचा बर्फ करायला काढावी लागते. तेवढ्या वेळात वाहतं पाणी पुढे निघून जातं. साचलेलं पाणी तिथेच थांबून सगळी ऊब गमावतं.

लडाखमध्ये सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात बर्फाचा स्तूप उभारून दाखवला. उंचावरचं पाणी जमिनीत पुरलेल्या पाइपातून उताराने आणायचं आणि थंड हवेत कारंज्यासारखं उडवायचं. ते गोठून बर्फाची उंच रास होते. वसंतात ती वितळली की शेताला पाणी मिळतं. तिथेही हाच धोका असतो. प्रवाह थांबला की पाइपातच बर्फ होतो आणि सगळं काम अडतं.

थंड मुलखात राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं :

१. उघड्यावरच्या पाइपाला गोणपाट किंवा फोम गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधा. गोणपाट भिजलं तर उपयोग नाही.

२. कडाक्याच्या रात्री नळाची बारीक धार चालू ठेवा. त्याने पाणी हलतं राहतं आणि कोंडलेल्या दाबाला वाट मिळते. धारेखाली बादली ठेवा, म्हणजे पाणी वाया जात नाही.

३. घर बंद करून गावी येताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सगळे नळ उघडून पाइप रिकामा करा. रिकाम्या पाइपात गोठायला काही उरत नाही.

४. पाइप गोठलाच तर आधी नळ उघडा. मग नळाकडून सुरुवात करून गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने मागे मागे शेकत जा. मधूनच शेकू नका. पेटता बोळा किंवा स्टोव्ह पाइपाजवळ कधीच नेऊ नका. प्लॅस्टिकचा पाइप वितळतो आणि घराला आग लागू शकते.

५. पाणी सुरू झालं तरी सगळे सांधे तपासा. चीर पडलेली असली तरी बर्फ असेपर्यंत ती गळत नाही. गळती कळते ती बर्फ वितळल्यावर.

मैत्रिणींनो, थोडक्यात सांगायचं तर पाणी हलतं ठेवा, नाहीतर पाइप रिकामा करा. कोंडलेलं पाणीच पाइप फोडतं. तुमच्या गटात कुणाची लेकरं थंडीच्या मुलखात असतील तर ही माहिती बैठकीत वाचून दाखवा आणि फोनवर त्यांनाही सांगा. पाइप दुरुस्त करणारा माणूस तिथे हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही.