लेकींनीं सांभाळलेला खेळ

बाभुळगांव हें यवतमाळ जिल्ह्यांतील कापूस पिकविणारें गांव. येथें बसून अमेरिकेंतील फुटबॉलविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या खेळाचें वेड ज्यास एकदां लागलें त्यास कोणत्याहि देशांतील फुटबॉल परका वाटत नाहीं. शिवाय आपल्या घरांतील उणीव आपणांस सहसा दिसत नाहीं. शेजाऱ्याच्या घरांतील मात्र चट्कन् दिसते. सगळ्या जगाला झपाटणारा हा खेळ एवढ्या सधन देशांत मागच्या पाटावर कां बसला, याचा शोध घेतांना क्रिकेटवेड्या महाराष्ट्राविषयींहि पुष्कळ उमगतें.

प्रथम नांवाविषयीं. अमेरिकेंत फुटबॉल म्हटला कीं लंबगोल चेंडू हातांत घेऊन धांवणारे, शिरस्त्राणें घातलेले धिप्पाड गडी डोळ्यांपुढें येतात. आपल्या फुटबॉलला तिकडे ‘सॉकर’ म्हणतात. हें नांव अमेरिकनांनीं काढलें अशी पुष्कळांची समजूत आहे, ती खरी नव्हे. १८६३ सालीं लंडनमध्यें फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, आणि त्या ‘असोसिएशन’ शब्दाची मोडतोड करून इंग्लंडांतील विद्यार्थ्यांनींच ‘सॉकर’ हें लाडकें नांव पाडलें. तेव्हां नांवावरून नाक मुरडण्याचा अधिकार निदान इंग्रजांस तरी नाहीं.

आतां मूळ प्रश्न. १८६९ सालीं रट्‌गर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत जो प्रसिद्ध सामना झाला, त्यांत चेंडू हातांत घेऊन पळण्यास मनाई होती. म्हणजे आरंभ आपल्या खेळाला अनुकूल होता. परंतु हार्वर्डच्या विद्यार्थ्यांस हातांत चेंडू घेण्याचा खेळ आवडला. १८७४ मध्यें ते कॅनडांतील मॅक्‌गिलशीं तसे सामने खेळले, आणि दोन वर्षांत इतर विद्यालयेंहि त्यांच्या मागें गेलीं. बेसबॉल त्यापूर्वींच रुजला होता. १८९१ मध्यें नेस्मिथ यांनीं बास्केटबॉल काढला. पंगत अशी भरून गेल्यावर आलेल्या पाहुण्यानें करावें काय? आपल्याकडेहि निराळें घडलें नाहीं. मुंबईंत रोव्हर्स करंडकाचे सामने १८९१ पासून सुरू झाले खरे, पण मराठी मुलुखाचें मन क्रिकेटनें जिंकलें. १९३२ सालीं हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्याचे कर्णधार झालेले सी. के. नायडू हे आमच्या विदर्भांतील नागपुरचे; मग येथील पोरांच्या हातांत बॅट आली यांत नवल तें काय!

‘गोल फार थोडे होतात’ हा अमेरिकन आक्षेप आम्ही फारसा मनावर घेत नाहीं. खरी अडचण व्यापारी आहे. फुटबॉलचा अर्धा डाव पंचेचाळीस मिनिटें अखंड चालावयाचा. जाहिरातदारानें आपला साबण कोठें विकावा? क्रिकेटमध्यें दर षट्‌कानंतर सवड मिळते, अमेरिकन फुटबॉलमध्यें तर पदोपदीं. १९९६ सालीं तिकडे मेजर लीग सॉकर सुरू झाली, तेव्हां बरोबरी प्रेक्षकांस रुचणार नाहीं म्हणून पस्तीस यार्डांवरून पांच सेकंदांत गोल मारण्याची एक शर्यत जोडून दिली होती. आमच्या मतें हा पुरणपोळीवर लोणच्याचा खार ओतण्याचा प्रकार. चार हंगामांनंतर त्यांनींच ती सोडून दिली, हें बरें झालें.

मोठे पाहुणे आणून खेळ रुजेल ही आशाहि जुनी आहे. १९७५ मध्यें पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघांत आले, प्रेक्षागृहें भरलीं. आणि १९८४ च्या हंगामानंतर ती सबंध लीगच बंद पडली. उलट आमचें कोल्हापूर पाहा. तेथील संघांचीं नांवें खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशीं आहेत. आखाड्याभोंवतीं वाढलेल्या पेठांनीं हा खेळ आपलासा केला, म्हणून शाहू स्टेडियमवर गर्दी जमवावयास परदेशचा पाहुणा लागत नाहीं.

अमेरिकेंत मात्र या खेळाला घर दिलें तें मुलींनीं. १९७२ सालीं तेथें एक कायदा झाला. सरकारी द्रव्य घेणाऱ्या विद्यालयांनीं स्त्री-पुरुष असा भेद करूं नये, असें त्यांत ठरलें. पुरुषांच्या फुटबॉलसाठीं भलेमोठे संघ पोसणाऱ्या महाविद्यालयांस मुलींसाठींहि खेळ उभे करणें भाग पडलें, आणि थोड्या खर्चांत बऱ्याच जणींस सामावून घेणारा सॉकर त्यांस सोयीचा वाटला. फळ १९९१ मध्येंच दिसलें: स्त्रियांचा पहिला जागतिक करंडक अमेरिकेनें जिंकला. १९९९ मध्यें कॅलिफोर्नियांतील रोझ बाऊलवर नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांनीं पेनल्टींवर चीनला हरविलें. पुढें २०१५ व २०१९ मध्यें पुन्हां करंडक नेला. पुरुषांच्या बरोबरीच्या वेतनासाठीं त्या न्यायालयांत गेल्या आणि २०२२ मध्यें तीहि गोष्ट त्यांनीं पदरांत पाडून घेतली. ‘सॉकर हा पोरीबाळींचा खेळ’ असें हिणविणारे लोक तिकडे होते. त्यांच्या पुरुषसंघाला १९३० नंतर उपांत्य फेरीहि गांठतां आलेली नाहीं, एवढें त्यांस कोणी सांगावें!

सतरा वर्षांखालील मुलींचा जागतिक करंडक २०२२ च्या ऑक्टोबरांत आपल्या देशांत झाला. कांहीं सामने आपल्या नवी मुंबईंतहि झाले. भुवनेश्वरच्या मैदानावर आपल्या मुलींची पहिलीच गांठ अमेरिकेशीं पडली आणि शून्य विरुद्ध आठ गोलांनीं त्या हरल्या. त्या आठ गोलांचा हिशेब मांडतांना आम्हांस त्या मुलींच्या पायांत उणें दिसत नाहीं. आपल्या सुशिक्षित घरांत मुलीस गाणें शिकवितात, चित्रकला शिकवितात, गणिताची शिकवणी लावितात. मैदानावर जातें म्हणाली कीं मात्र ऊन, अभ्यास, दिवेलागण आणि लोक काय म्हणतील हे चारहि पहारेकरी दारांत उभे राहतात. तिकडच्या मुलीस सहाव्या वर्षीं आई मैदानावर पोंचवून येते. आमच्या गांवांत सायंकाळीं मोकळ्या जागेवर मुलांचा गलबला असतो, आणि शिकवणीहून परतणाऱ्या मुली सायकल हातांत धरून कडेला क्षणभर थांबतात. चेंडू त्यांच्याकडे घरंगळत आला, तर त्यांतली एखादी तो परत मारते. नेम बहुधा चुकत नाहीं.