स्नोड्रॉपच्या शोधात सापडलेली आजीची लिली

आजीचे विसरणे वाढत गेले, तेव्हा इंदूरच्या डॉक्टरांनी तिला एक गोळी सुरू केली. गोळीत औषध होते गॅलँटामाइन. आजार बरा होणार नाही, काही काळ थोडा आधार मिळेल, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. घरी आल्यावर सवयीप्रमाणे मी त्या नावाचा शोध घेतला आणि एका फुलापाशी जाऊन पोहोचलो. हे औषध पहिल्यांदा मिळाले ते गॅलँथस नावाच्या छोट्या कंदवर्गीय झाडापासून. ग्रीक भाषेत गाला म्हणजे दूध आणि अँथोस म्हणजे फूल. इंग्रजीत त्यालाच स्नोड्रॉप म्हणतात. युरोपात थंडी संपत आली की जमिनीवर बर्फ असतानाच हे वीतभर उंचीचे, मान खाली घातलेले पांढरे फूल उमलते.

मग मी त्यात गुंतत गेलो. गॅलँथसच्या जाती साधारण वीस, पण माणसांनी जपलेले आणि नाव दिलेले प्रकार दोन हजारांहून जास्त! फरक तरी काय? आतल्या पाकळीवरचा हिरवा ठिपका उलट्या व्हीसारखा की एक्ससारखा, देठ हिरवा की पिवळा. एवढ्यासाठी इंग्लंडमधले लोक भर थंडीत गुडघे टेकून फुले निरखत बसतात. 2015 साली ‘गोल्डन फ्लीस’ नावाच्या प्रकाराचा एकच कंद 1,390 पौंडांना विकला गेला. आपल्या तेव्हाच्या हिशेबाने सव्वा लाखाच्या वर.

मलाही वाटले, देवासच्या गच्चीवर एक तरी स्नोड्रॉप हवा. आठवडाभर वाचल्यावर तो नाद सोडला. या कंदाला हिवाळ्यात कडक थंडी लागते आणि उन्हाळ्यात झोपेत असतानाही गारवा लागतो. आपल्या माळव्यात रात्री गार असतात हे खरे, पण मे महिन्यातल्या गच्चीवर तो कंद कुंडीतच शिजेल. शिवाय जंगलातून ओरबाडून काढलेल्या कंदांमुळे या फुलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि परदेशातून झाड आणायचे तर परवाने वेगळेच.

पण त्या वाचनात एक गोष्ट हाती लागली. स्नोड्रॉप ज्या कुळातले, त्याच कुळात आपली रेन लिली येते. पहिल्या पावसानंतर दोन-चार दिवसांत जमिनीतून एकदम वर येणारी ती गुलाबी, पांढरी, पिवळी फुले. तिचे शास्त्रीय नाव झेफिरँथस, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याचे फूल. मूळ अमेरिका खंडातले, पण आपल्याकडे पश्चिमेचा वारा पाऊस घेऊन येतो आणि त्यामागोमाग हे फूल, म्हणून नाव आपल्यालाच जास्त शोभते.

आणि मला आजीची लिली आठवली.

माता टेकडीच्या बाजूला आमचे जुने घर होते. अंगणात तुळशीवृंदावनाभोवती आजीने ही लिली लावलेली होती. सगळीकडे दिसते तशी पांढरीशुभ्र नाही, पिवळीही नाही. रंग सायीचा, आणि उन्हे चढली की पाकळ्यांच्या टोकांना गुलाबी झाक. आजी तिला नुसते ‘पावसाचं फूल’ म्हणायची. घर विकले, पाडले, तिथे फ्लॅट झाले. कपाटे, भांडी, देव, सगळे मोजून हलवले. कंद काढायचे कुणाच्या लक्षात आले नाही. मीही तेव्हा तिथेच होतो आणि मोबाइलवर पाडकामाचे व्हिडिओ काढत होतो.

मी आजीला विचारले, “आजी, ते फूल कुठून आणलं होतंस गं?” तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “पाऊस आला की येतं ते.” त्याच्या पुढे तिला आठवले नाही.

मग मी रेन लिली जमवायला लागलो. आधी नर्सरीतून साध्या तीन. नंतर ऑनलाइन. एकदा तीन वेगवेगळ्या रंगांचे फोटो पाहून कंद मागवले; वर्षभर पाणी घातल्यावर तिन्ही कुंड्यांत तीच नेहमीची गुलाबी फुले आली! तेव्हापासून फोटोवर विश्वास ठेवत नाही, ज्यांच्याकडे स्वतः फूल पाहिले आहे त्यांच्याकडूनच घेतो. आपल्या देशात या फुलावर जुने कामही झाले आहे. कोलकात्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीत सिडनी पर्सी-लँकास्टर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेन लिलीचे अनेक संकर केले. आज जुन्या बागांत दिसणाऱ्या अनोळखी रंगांमागे असेच संकर असू शकतात.

ज्यांना लावायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी माझा अनुभव सांगतो. आपली काळी माती नुसती वापरू नका. पावसात ती चिकट होते आणि कंद सडतो. मी एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग शेणखत घेतो. कंदाची मान मातीच्या पातळीला ठेवतो. ऊन किमान पाच-सहा तास हवे. फुले येण्याची एक युक्ती आहे: कुंडी दोन-तीन आठवडे कोरडी ठेवायची, मग एकदम भरपूर पाणी द्यायचे. कोरड्यानंतरचा पाऊस हाच तिचा इशारा. तरी खऱ्या पावसाला जेवढी फुले येतात, तेवढी नळाच्या पाण्याला येत नाहीत. पावसाळ्यात काळ्या, ठिपकेदार अळ्या एका रात्रीत पाने फस्त करतात. त्या हाताने वेचाव्यात. बी काळे, कागदासारखे पातळ असते. ताजेच पेरले तर पंधरवड्यात उगवते आणि एक-दोन वर्षांत फूल देते. कंद विषारी असतात, दिसायला छोट्या कांद्यासारखे, म्हणून स्वयंपाकघरापासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवा. आणि प्रत्येक कुंडीत नावाची पट्टी लावा, पण पेन्सिलने लिहा. मार्करची शाई आपल्या उन्हात वर्षभरही टिकत नाही, पेन्सिल टिकते.

माझ्याकडे चौदा प्रकार झाले, तरी सायीच्या रंगाची ती नव्हतीच. मागच्या वर्षी इंदूरला एका लग्नात आजीच्या जुन्या शेजारीण काकू भेटल्या. बोलता बोलता मी लिलीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “अरे, तुझ्या आजीनेच दिली होती मला. आम्ही देवास सोडलं तेव्हा पिशवीत मातीसकट बांधून दिली. आजही आहे ती गॅलरीत.” त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. जुन्या तेलाच्या डब्यात तीस-चाळीस कंद दाटीवाटीने बसले होते. आषाढात फूल आले. तोच रंग, तीच गुलाबी झाक.

तेव्हा मला इंग्लंडच्या जेम्स ॲलन यांची गोष्ट नीट कळली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी शंभरच्या आसपास नवे स्नोड्रॉप तयार केले. पुढे बुरशीने आणि कंद पोखरणाऱ्या माशीने त्यांच्या बागेचा घास घेतला आणि बहुतेक प्रकार नाहीसे झाले. ‘मॅग्नेट’ आणि ‘मर्लिन’ सारखे थोडे प्रकार आजही आहेत. स्नोड्रॉप जपणारे लोक म्हणूनच एक नियम पाळतात: झाड टिकवायचे असेल तर ते वाटा. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. एकाच ठिकाणी ठेवलेली फाइल म्हणजे नसलेली फाइल, हे रोज लोकांना सांगतो. आजीने हे कुठे वाचले नव्हते. तिने फक्त शेजारणीला रिकाम्या हाताने जाऊ दिले नाही.

काकूंनी दिलेले फूल मी आजीसमोर ठेवले. तिला माझे नाव त्या दिवशी आठवत नव्हते. तिने पाकळीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “याला पाणी कमी घाल.” गोष्ट बरोबर होती; मी जास्तच घालत होतो.

आता त्या कुंडीच्या पट्टीवर पेन्सिलने लिहिले आहे: ‘देवास, आजी’. शास्त्रीय नाव सापडले तर खाली लिहीन. कंद वाढताहेत. येत्या श्रावणात समाजाच्या कार्यक्रमाला येताना बारा छोट्या पिशव्या आणणार आहे, प्रत्येकीत दोन कंद. घेणाऱ्यांना एकच अट: दोन-तीन वर्षांनी त्यातले दोन पुढे कुणाला तरी द्यायचे.

आणि ज्यांची जुनी घरे देवास, धार, उज्जैनला अजून उभी आहेत आणि आता विकायच्या बेतात आहेत, त्यांना एक विनंती. मे महिन्यात अंगण कोरडे दिसते, तिथे काही नाही असे वाटते. पाडकामाआधी एक पावसाळा जाऊ द्या. जमले नाही, तर निदान तुळशीभोवतीची माती खणून पाहा.