विद्यार्थी प्रकल्पांतील डिजिटल छायाचित्रण, चित्रफीतनिर्मिती व अॅनिमेशन : तंत्र, मूल्यमापन आणि जतन

प्रस्तावना :

छायाचित्रण, चित्रफीतनिर्मिती आणि अॅनिमेशन यांवर आधारित प्रकल्प आज केवळ कला व माध्यम अभ्यासक्रमांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांतही विद्यार्थी असे प्रकल्प सादर करतात. त्यांचे मूल्यमापन मात्र अनेकदा अंतिम फीत पाहूनच केले जाते. केवळ शब्दांतील सूचनेवरून चित्रे व चित्रफिती तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने उपलब्ध झाल्यामुळे अंतिम फीत हा अध्ययनाचा पुरेसा पुरावा राहिलेला नाही. या पार्श्वभूमीवर अशा प्रकल्पांचे तांत्रिक अधिष्ठान, मूल्यमापन आणि जतन यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चौकट : तिन्ही माध्यमांचा समान घटक

तिन्ही माध्यमांचा मूलभूत घटक एकच आहे, तो म्हणजे चौकट अर्थात फ्रेम. छायाचित्रात एकच चौकट असते. चित्रफितीत दर सेकंदाला २४, २५ किंवा ३० चौकटी सलग टिपल्या जातात. अॅनिमेशनमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे घडविली जाते. एकामागून एक वेगाने दिसणाऱ्या स्थिर चित्रांतून मानवी मेंदू गतीचा अनुभव घेतो. या एका तत्त्वावर तिन्हींची उभारणी झालेली आहे.

भारतीय चित्रपटाच्या आरंभीच या तत्त्वाचे उत्तम उदाहरण आढळते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस टप्प्याटप्प्याने टिपून एक लघुपट तयार केला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो ओळखला जातो. भांडवल मिळविण्याच्या कामी त्यांना त्याचा उपयोग झाला. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी आगकाड्यांना गती दिली. वस्तू किंचित हलवून प्रत्येक स्थितीचे चित्र घेण्याच्या या पद्धतीस आज ‘स्टॉप मोशन’ म्हणतात. एक कॅमेरा, न हलणारी तिपाई आणि चिकाटी एवढ्या साधनांवर आजचा विद्यार्थीही असा प्रकल्प करू शकतो.

त्यासाठी आधी गणित मांडणे आवश्यक ठरते. सेकंदाला १२ चित्रे या दराने दोन मिनिटांच्या फितीस १,४४० चित्रे लागतात. एका चित्रास सरासरी एक मिनिट धरल्यास केवळ चित्रणाचे काम २४ तासांचे होते. हे गणित न मांडता कथा निवडल्यास प्रकल्प अपूर्ण राहण्याचा संभव असतो.

माहितीचे आकारमान व संक्षेपण

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचे चित्र १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० बिंदूंचे होते. ते कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आजच्या १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चौकटीत २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास एक चौकट सुमारे ६२ लाख बाइटची होते. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास एका मिनिटाची असंक्षेपित फीत ९ गिगाबाइटहून मोठी भरते.

म्हणूनच कॅमेरा संक्षेपण करतो. चौकटीतील न बदलणारा भाग पुन्हा पुन्हा न साठविता मुख्यतः बदल नोंदविला जातो. स्थिर पार्श्वभूमीची फीत त्यामुळे लहान होते, तर पाऊस, हलणारी पाने किंवा थरथरणारा कॅमेरा यांमुळे फीत मोठी तरी होते किंवा तिचा दर्जा घसरतो. तिपाई वापरण्यामागे सौंदर्यदृष्टीबरोबर हेही कारण आहे.

प्रकाश आणि शटर

वर्गात किंवा प्रयोगशाळेत घेतलेल्या फितीत आडवे पट्टे सरकताना दिसतात, ही विद्यार्थ्यांची नेहमीची अडचण होय. भारतातील वीजप्रवाहाची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतो. शटरचा काळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास प्रत्येक चौकटीत या चढउताराची पूर्ण आवर्तने सामावतात व पट्टे नाहीसे होतात. असा दोष दुरुस्त करताना विद्यार्थी भौतिकशास्त्राचा एक नियम प्रत्यक्ष अनुभवतो.

मूल्यमापन

पुणे येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थी चित्रपटांनी आंतरराष्ट्रीय स्तरावर स्थान मिळविले आहे. पायल कपाडिया यांचा ‘आफ्टरनून क्लाउड्स’ २०१७ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात निवडला गेला. २०२४ मध्ये चिदानंद नाईक यांच्या लघुपटास त्याच विभागाचे प्रथम पारितोषिक मिळाले. हा लघुपट दूरचित्रवाणी विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातील प्रकल्प होता. मर्यादित कालावधी हा दर्जेदार निर्मितीतील अनिवार्य अडथळा नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

सर्वसाधारण महाविद्यालयात अशी साधनसामग्री नसते. तेथे महागड्या कॅमेऱ्याची चकचकीत फीत आणि साध्या मोबाइलवरील विचारपूर्वक केलेली फीत यांची केवळ दृश्य दर्जावरून तुलना करणे अन्यायकारक ठरते. यास्तव संहिता, स्टोरीबोर्ड, मूळ चित्रण, नाकारलेली दृश्ये, संकलनाचे टप्पे व कामाची दैनंदिनी यांना स्वतंत्र गुण असावेत. विद्यार्थ्याने आपल्या निर्णयांची कारणे तोंडी सांगावीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असल्यास त्याचा लेखी उल्लेख करावा.

संमती, स्वामित्व आणि जतन

ज्या व्यक्तींचे चित्रण होते त्यांची पूर्वसंमती घेणे, बालकांच्या बाबतीत पालकांची संमती घेणे आणि फीत कोठे दाखविली जाणार हे सांगणे, ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार छायाचित्राचा कर्ता ते घेणारी व्यक्ती असते, तर चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो. त्यामुळे गटप्रकल्पात हक्कांबाबत आधीच लेखी समजुती व्हाव्यात. लोकप्रिय चित्रपटगीत पार्श्वसंगीत म्हणून वापरून फीत सार्वजनिक करण्यासाठी हक्कधारकाची परवानगी घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

जतनाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. फाळके यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाहीत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोवर मूकपटांचा बराच मोठा भाग नष्ट झाला होता. गावातील जुना वाडा, बंद पडलेला हातमाग किंवा वयोवृद्ध शाहिराची मुलाखत यांचे विद्यार्थ्याने केलेले चित्रण काही वर्षांनी एकमेव दस्तऐवज ठरू शकते. ते एकाच मोबाइलमध्ये राहिल्यास मोबाइलबरोबर नाहीसे होते. तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा नियम महाविद्यालयीन ग्रंथालयास अल्प खर्चात पाळता येईल. प्रत्येक फितीसोबत दिनांक, स्थळ, व्यक्ती व संमतिपत्र यांची नोंद ठेवावी.

समारोप :

डिजिटल साधनांनी निर्मिती सुलभ केली असली, तरी निरीक्षण, नियोजन आणि संयम यांना पर्याय निर्माण झालेला नाही. प्रक्रियेस गुण, चित्रित व्यक्तीस सन्मान आणि निर्मितीस ग्रंथालयात स्थान मिळाल्यास विद्यार्थी प्रकल्प केवळ परीक्षेपुरता न राहता ज्ञानाचे साधन व स्थानिक इतिहासाचा आधार ठरेल.