काचेच्या टाकीतील प्रवाळ का खंगते?

घरच्या जलजीवालयातील मासा आजारी पडला म्हणजे तो कोपऱ्यात लपतो, अन्न टाकतो, त्याची कल्ली जलद हलू लागतात. प्रवाळाला यांपैकी काहीच करता येत नाही. खडकाला चिकटून राहिलेल्या या प्राण्यापाशी आपली व्यथा सांगण्यासाठी अंगावरचा रंग आणि मांसाचा पातळ थर एवढीच साधने असतात. म्हणून एखाद्या फांदीवर पांढरा डाग दिसला, की औषधाच्या बाटल्या शोधण्यापूर्वी भिंग हाती घ्यावे आणि हा पांढरेपणा कोणत्या जातीचा आहे, ते प्रथम ठरवावे.

कारण पांढरेपणा दोन प्रकारचा असतो. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवले वास करतात. प्रवाळाला त्याचा रंग बव्हंशी त्यांच्यामुळे लाभतो आणि ती प्रकाशसंश्लेषणाने जे अन्न तयार करतात, त्यावरच यजमानाची मुख्यतः गुजराण चालते. उष्णता किंवा प्रखर प्रकाश असह्य झाला, की हे सहजीवन मोडते व शैवले बाहेर टाकली जातात. अशा वेळी मांस काचेसारखे पारदर्शक होऊन खालचा सांगाडा दिसू लागतो. पण प्राणी अद्याप जिवंत असतो. रात्री त्याचे पॉलिप बाहेर डोकावतात. तो उपाशी असतो, मेलेला नसतो. १९९८ साली लक्षद्वीपच्या प्रवाळभित्ती पांढऱ्या पडल्या, त्या याच विरंजनाने. दुसऱ्या प्रकारात मात्र मांसच गळून गेलेले असते आणि सांगाड्यावरील खळगे उघडे, धारदार दिसतात. उघडा पडलेला सांगाडा प्रथम बर्फासारखा शुभ्र असतो, काही दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी थर चढतो. खाली जुना हिरवट भाग आणि वर शुभ्र रंगाची अरुंद पट्टी असेल, तर दुखणे संथपणे चढते आहे; रातोरात सबंध फांदी शुभ्र झाली, तर घड्याळाकडे पाहण्याची वेळ आली आहे.

विरंजनाचे निदान त्या मानाने सोपे. दिव्याकडची बाजू फिकट झाली आणि सावलीतील बाजू शाबूत राहिली, तर संशय दिव्यावर घ्यावा, विशेषतः तो नुकताच बदलला असेल तर. अनेक वसाहती एकाच आठवड्यात सर्व बाजूंनी फिकट झाल्या, तर तापमापक पाहावा. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडण्याची युक्ती उपयोगी आहे खरी, परंतु तिच्यामुळे बाष्पीभवन वाढते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. घटलेले पाणी शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढावयाचे असते. नवशिके तेथे खारे पाणी ओततात आणि लवणता दर हजारी ३५ भागांच्या पुढे वाढवून ठेवतात. हलत्या काट्याच्या घनतामापीवरही फार विसंबू नये. काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्याहून खारट दाखवतो.

मांस बुडापासून हळूहळू ओसरत असेल, तर प्रथम अल्कता तपासावी. अल्कता म्हणजे आम्लाला निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता. समुद्रात ती मुख्यतः बायकार्बोनेटांमुळे येते. कॅल्शियमच्या आधी अल्कताच का, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि अल्कता सुमारे ७ जर्मन अंश असते. सांगाडा रचताना प्रवाळ दोन्हींचा वापर करते, परंतु दर लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते तेव्हा अल्कतेचे २.८ अंश संपतात. म्हणजे एका कोठारातील विसावा हिस्सा गेला, तोवर दुसऱ्यातील पाचांपैकी दोन हिस्से रिकामे झाले!

आता समजा, २०० लिटरच्या टाकीत अंगठ्याएवढ्या काही फांद्या लावल्या आणि त्यांचा रोजचा खर्च अर्धा अंश निघाला. तो भरून काढण्यास ३ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. मालक रोज इमानाने ३ ग्रॅम टाकीत राहतो. वर्षभरात फांद्या मुठीएवढ्या होतात, खर्च दुपटीवर जातो, मात्रा मात्र तीच राहते. गंमत अशी, की येथे विपत्तीचे कारण प्रवाळाचे आरोग्य हेच आहे. ते वाढले म्हणून उपाशी पडले. खर्च मोजण्यासाठी दोन दिवस सोडा न टाकता एकाच ठरावीक वेळी परीक्षा करावी. परीक्षानळीतील रंग पालटेपर्यंत थेंब मोजावयाचे, इतकेच ते काम आहे.

अनेक वसाहती मरतात त्या येथे, आणि रोगाने नव्हे तर उपचाराने. ५ अंशांचा आकडा पाहून घाबरलेला मालक एका सायंकाळी सोड्याची मूठ ओतून ९ अंश गाठतो. दुसऱ्या दिवशी उरलेसुरले मांसही गळू लागते. अल्कता दिवसाला एका अंशाहून अधिक चढवू नये. नायट्रेट व फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणलेल्या, अतिस्वच्छ पाण्यात अल्कता फार वर नेली, तर फांद्यांची टोके जळाल्यासारखी उघडी पडतात, असा अनुभव आहे. स्वच्छतेचा हा अतिरेक हौशी माणसाच्या सद्गुणांपैकीच एक मानावा लागेल. त्याच दिवशी दिवाही बदलला, पाणीही बदलले, तर कशाने काय झाले हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

एकच वसाहत खंगत असून शेजारच्या सुखरूप असतील, तर पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांनी विजेरी घेऊन टाकीजवळ जावे. काही प्रवाळे रात्री लांबलचक डंखधारी तंतू सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात. ॲक्रोपोराच्या फांद्यांवर त्याच रंगाचे चपटे कृमी चरत असतात. ते सहसा दिसत नाहीत, पण त्यांनी पाडलेले गोल फिकट डाग आणि बुडाशी घातलेली तपकिरी अंडी दिसतात.

मेलेल्या प्रवाळाच्या जागी समुद्रातून दुसरे काढून आणण्याचा मार्ग भारतात तरी बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारी सर्व प्रवाळे २००१ साली समाविष्ट झाली. तेव्हा हाताशी आहे तेच वाचवावयाचे. मांस तासातासाला गळत असेल, तर कारण शोधीत बसू नये. गळतीच्या रेषेपासून बोटभर पुढे, निरोगी भागातून फांदी कापावी आणि ते टोक दुसऱ्या दगडावर चिकटवून प्रवाहात ठेवावे. काही आठवड्यांनी त्या टोकाच्या बुडाशी, दगडावर पसरणारी मांसाची पातळ, फिकट कडा दिसू लागली, म्हणजे त्याने नव्या जागी पाय रोवला असे समजावे.