वही बोलत होती!

2024 सालची गोष्ट. धनत्रयोदशीच्या दुपारी कारंज्याहून येणाऱ्या एस.टी.तून मी धनजला उतरलो, तेव्हा माझ्या एका हातात चिवड्याचे डबे होते, दुसऱ्या हातात पुतणीसाठी घेतलेला फ्रॉक होता आणि मन नोकरदाराला वर्षातून एकदाच लाभते तसे निर्धास्त होते. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले हे माझे गाव. थोरला भाऊ तेथेच शेती करतो. मी पुण्यात असतो. कंपन्यांचे हिशेब, खरेदी-विक्री आणि पगार ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते रात्री-अपरात्री बिघडले तर कळावे कसे, याची व्यवस्था लावणे हा माझा पोटाचा धंदा.

वहिनींनी दारात हसून पाणी दिले. पण दादा ओसरीवरून उठला नाही.

"सोयाबीनचे पैसे अजून आले नाहीत, भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "अठरा दिवस झाले. फ्रॉक आणलात ते बरं केलं."

"बाबू म्हन्ते, कॉम्प्युटरनं पैसे धाडले," दादा म्हणाला. "बँकवाले म्हन्तात, आलेच नाही. आन् त्या कॉम्प्युटरवर पहारा कोनाचा हाये? तुयाच ना?"

मी गप्प राहिलो, कारण ते खरे होते. आदल्या वर्षी तालुक्यातल्या ज्या खरेदीदारांकडे दादा माल घालतो (नाव सांगत नाही), तेथल्या व्यवस्थापकांनी मला गळ घातली होती. काट्यावरचे वजन, भाव, शेतकऱ्याचे खाते हे सारे त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते आणि रात्री दहा वाजता दिवसभराच्या देण्यांची यादी आपोआप बँकेकडे रवाना होते. त्यावर देखरेख बसवायला मी दोन संध्याकाळी खर्च केल्या होत्या आणि मोबदला म्हणून एक शाल स्वीकारली होती. ती शाल त्या दुपारी मला भलतीच टोचू लागली.

आता ही देखरेख म्हणजे काय, ते सांगायला हवे. लॉग म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जुन्या काळी गलबतावरचे खलाशी दोरीला गाठी मारून एका टोकाला लाकडाची फळी बांधत, ती पाण्यात सोडत आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. त्यावरून गलबताचा वेग कळे. तो ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. संगणकाने हा शब्द तेथूनच उचलला. सॉफ्टवेअर जे जे करते ते ओळीओळीने एका फाइलीत लिहीत जाते: अमुक वाजता अमुक सुरू झाले, अमुक संपले, अमुक जमले नाही. आपल्या पोलीस ठाण्यात ठाणे-दैनंदिनी असते ना, तसेच. फरक इतकाच, की ठाण्यातला हवालदार काही ओळी लिहून हात झटकतो, आणि संगणक एका रात्रीत लाखभर ओळी लिहूनही थकत नाही.

एवढ्या ओळी माणूस वाचणार कसा? म्हणून दुसरा एक छोटा कार्यक्रम पहाऱ्याला बसवायचा. तो फाइलीच्या शेपटाशी बसून राहतो, येणारी प्रत्येक ओळ पाहतो आणि आपण दिलेला शब्द दिसला की फोनवर निरोप धाडतो. ऐकायला सोपे आहे. यातली ग्यानबाची मेख एवढीच, की तो शब्द कोणता, हे आपल्याला ठरवावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाबरोबर त्या कचेरीत गेलो. बाबू बिचारा भला माणूस. त्याने मला रात्री दहाच्या ओळी आधीच काढून दाखवल्या आणि म्हणाला, "बघा, काहीच नाही!" खरोखरच काही नव्हते. पण माझ्या लक्षात आले, की त्या फाइलीचे घड्याळ ग्रिनिचचे होते. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपले रात्रीचे दहा तिथे दुपारी साडेचार म्हणून नोंदले जातात. साडेचारच्या ओळी काढल्या, आणि सगळे उघडे पडले.

गेल्या सतरा रात्री वही एकच गोष्ट लिहीत होती. 'वॉर्निंग: बँकेचा संकेतांक यादीत नाही, नोंद वगळली.' अशा ओळी साठत साठत एक्केचाळीस शेतकऱ्यांच्या झाल्या होत्या, आणि रोज शेवटी ठसक्यात: 'काम पूर्ण.'

कारण क्षुल्लक होते. 1 एप्रिल 2020 रोजी दहा सरकारी बँकांच्या विलीनीकरणातून चार मोठ्या बँका उरल्या, आणि त्यानंतर अनेक शाखांचे आयएफएससी संकेतांक बदलले. शेतकऱ्यांची नवी नोंदणी करताना कोणी तरी जुन्या पासबुकावरचेच संकेतांक उतरवून घेतले होते. सॉफ्टवेअरने ते ओळखले नाहीत, नोंद बाजूला ठेवली, तसे प्रामाणिकपणे लिहिले आणि पुढे गेले. त्याची चूक म्हणता येणार नाही. चूक माझी होती. पहारेकऱ्याला मी सांगून ठेवले होते, 'एरर हा शब्द दिसला तरच मला उठव.' सॉफ्टवेअरने लिहिले 'वॉर्निंग'. पहारेकरी शिस्तीचा; तो स्वस्थ बसून राहिला.

या शब्दांची एक उतरंड आहे. 1980 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी टपालाच्या एका सॉफ्टवेअरसाठी सिसलॉग नावाची पद्धत बसवली. तिच्या पायऱ्या आठ, शून्य ते सात. शून्य म्हणजे घराला आग, सात म्हणजे नुसती बडबड. एरर तिसरी पायरी आणि वॉर्निंग चौथी. पण कोणती गोष्ट कोणत्या पायरीवर ठेवायची, हे सॉफ्टवेअर लिहिणारा ठरवतो. दूर कुठे तरी बसलेल्या त्या तरुणाला एक नोंद वगळली जाणे ही चौथ्या पायरीची गोष्ट वाटली. वहिनींना ती शून्याची होती.

माझ्या मनाची समजूत घालायला मला एक मोठे उदाहरण ठाऊक होते. खरे सांगायचे तर त्याने समजूत पटली नाही. न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल नावाची मातबर पेढी होती. नवे सॉफ्टवेअर तिने आठ यंत्रांवर चढवायचे ठरवले, आणि एक यंत्र राहून गेले. 1 ऑगस्ट 2012 च्या सकाळी साडेनऊला बाजार उघडला, आणि त्या यंत्रातला जुना, कित्येक वर्षे निजलेला कार्यक्रम जागा होऊन खरेदी-विक्री करत सुटला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले आणि पेढी चव्वेचाळीस कोटी डॉलरांहून अधिक रकमेने बुडाली. पण वाचकहो, पुढचे ऐका. बाजार उघडण्यापूर्वी, आठ वाजल्यापासूनच, त्या पेढीच्या संगणकाने कर्मचाऱ्यांना सत्त्याण्णव ई-पत्रे धाडली होती, आणि त्यांत त्याच जुन्या कार्यक्रमाचे नाव होते! ही पत्रे धोक्याचा इशारा म्हणून वाचायची असतात असे कोणाला सांगितलेलेच नव्हते, म्हणून त्यांच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नसे.

असो. त्या दिवशी आम्ही तिघे, म्हणजे बाबू, दादा आणि मी, दुपारपर्यंत फोन करत बसलो. कोणी पासबुक घेऊन धावत आले, कोणी मुलाकडून त्याचा फोटो धाडला. सदतीस संकेतांक दुरुस्त झाले. एनईएफटीची सेवा डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते, हे आमचे नशीब. रात्री यादी गेली आणि सकाळी दादाच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा निरोप वाजला. उरलेले चौघे सापडलेच नाहीत. त्यांचे पैसे पाडव्यानंतर गेले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सणासाठी व्याजाने पैसे काढले होते, असे कळले. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. काय बोलावे सुचेना. त्यांनीच मला चहा पाजला.

मग पश्चात्तापाच्या भरात मी दुसरी चूक केली. पहारेकऱ्याला सांगितले, 'वॉर्निंग दिसली की कळव, प्रत्येक!' एका रात्रीत व्यवस्थापकांच्या फोनवर निरोपांचा पूर आला. प्रिंटरमधला कागद संपत आला, अमुकाने परवलीचा शब्द चुकवला, अशा शेकडो वॉर्निंगा. दुपारी त्यांनी फोनचा आवाज बंद केला. रोज 'लांडगा आला रे' ओरडणाऱ्या पोराचे जे होते तेच झाले, आणि यात त्यांचा दोष नव्हता.

अखेर मी शहाण्यासारखा बाबूशेजारी बसलो आणि त्याला विचारले, "या ओळींपैकी कोणती आली तर तुम्ही जेवण टाकून उठाल?" हा प्रश्न वर्षापूर्वीच विचारायला हवा होता. त्याने सहा ओळी दाखवल्या. त्या सहांसाठी तत्काळ निरोप. बाकीच्यांची सकाळी एकच यादी. तीच ओळ पुन्हा पुन्हा आली तर निरोप एकच, पण आकडा लिहून. अडचणीची पहिली ओळ बहुधा काहीच सांगत नाही, खरे कारण दहा-पंधरा ओळी खाली असते. म्हणून खालच्या ओळीही निरोपात घ्यायच्या. फाइलीचे नाव मध्यरात्री बदलते आणि पहारेकरी जुन्याच फाइलीकडे टक लावून बसतो, तेही सांभाळले. सारे जमल्यावर मी चाचणीच्या यादीत मुद्दाम एक खोटा संकेतांक घातला. निरोप आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. हे न करताच पहिल्या वेळी मी शाल घेऊन गेलो होतो!

सरकारलाही या वह्यांची किंमत कळली आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहावी आणि ती बंद करता येऊ नये, असा नियम आहे. आणि सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल 2022 मध्ये 180 दिवसांचे लॉग जपून ठेवण्याची आज्ञा काढली. जपण्याची सोय झाली, हे उत्तम. पण सतरा रात्रींच्या त्या ओळीही अगदी जपून ठेवलेल्याच होत्या.

एक गोष्ट मात्र दादाने सुचवली, हे कबूल केले पाहिजे. "आन् तुया पहारेकरीच झोपला तं?" तो म्हणाला. म्हणून आता रोज रात्री साडेदहाला, काही बिघडो न बिघडो, एक छोटा निरोप येतो: आज इतक्या नोंदी आल्या, इतक्या गेल्या. दोन आकडे जुळले की झोपायचे. व्यवस्थापकांनी तो निरोप दादालाही सुरू करून दिला आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पावणेअकराला माझा फोन वाजला. धनजहून दादा बोलत होता.

"अरे, आज निरोप नाही आला."

मी उठून संगणक उघडला. तिकडे तासाभरापूर्वी वीज गेली होती आणि मागची बॅटरीही उतरली होती. मी बाबूला फोन लावला. तो झोपेतच होता, पण उठला.