दिसण्याहून मोठे दुखणे

शेतात बाभळीचा काटा रुतावा, अनवाणी पायाला ठेच लागावी, किंवा मधुमेही माणसाच्या बोटांच्या बेचक्यात एखादी चीर पडावी, एवढे क्षुल्लक निमित्त ज्याला पुरते आणि ज्याचा अंमल एकदा बसला म्हणजे दिवसांचा नव्हे तर तासांचा हिशेब ठेवावा लागतो, त्या मांसनाशक रोगाला वैद्यकशास्त्रात ‘नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस’ असे नाव आहे. सुदैवाने तो विरळा आहे. परंतु विरळा असल्यामुळेच तो ओळखण्यात दिरंगाई होते, आणि रोग्याचा खरा घात ही दिरंगाईच करते.

आपल्या त्वचेखाली चरबीचा थर आणि त्याखाली स्नायूंना वेढणारे एक चिवट आवरण असते. त्यालाच फॅसिया म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकससारखा एखादा प्रखर जंतू, अथवा मधुमेह्यांत पुष्कळदा अनेक जातींचे जंतू एकत्रितपणे, या आवरणापर्यंत पोचले की त्याच्याच अनुरोधाने ते झपाट्याने पसरतात. त्यांच्या विषांमुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त गोठते आणि रक्तपुरवठा तुटलेला भाग मृत होतो. त्वचेचे पोषण करणाऱ्या वाहिन्या याच थरातून वर येत असल्याने तिची पाळी मागाहून येते, आणि म्हणून आत एवढा उत्पात चालू असताना वरची कातडी प्रारंभी फार तर किंचित लाल दिसते.

या रोगाची पहिली खूण या विसंगतीतच आहे. पाय पाहावा तर विशेष काही दिसू नये आणि रोगी मात्र वेदनेने तळमळत असावा, अशा वेळी त्याला हळवा ठरवण्याची चूक कोणी करू नये. पुढे सूज लालीची हद्द ओलांडते, कातडी ताठर व जांभळट होते, फोड येतात, ताप चढतो, नाडी धावते, शुद्ध हरपू लागते. कधीकधी वेदना अकस्मात थांबते आणि घरच्या मंडळींना हायसे वाटते; वास्तविक ती थांबण्याचे कारण तेथील मज्जातंतूच मेले, हे असते. मधुमेहाने ज्यांचे पाय आधीच बधिर झाले आहेत, त्यांना तर वेदनेचा हा इशाराही पुरता मिळत नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेच्या सैन्यातील शल्यवैद्य जोसेफ जोन्स याने अशा कोथाच्या, म्हणजे गँगरीनच्या, 2,642 रोग्यांची नोंद केली. त्यांपैकी सुमारे 46 टक्के दगावले. पुढे 1924 मध्ये पेकिंगमध्ये काम करणाऱ्या फ्रँक मेलेनी याने 20 रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि त्यांत मृत्यूचे प्रमाण 20 टक्क्यांवर आले होते. पेनिसिलिनचा शोध तेव्हा लागायचा होता. मेलेनीचा भर होता तो त्वरेने आणि विस्तृत छेद घेऊन दूषित भाग मोकळा करण्यावर. प्रतिजैविकांच्या आजच्या युगातही हा धडा जुना झालेला नाही, कारण जेथे रक्तच पोचत नाही तेथे रक्तातून जाणारे औषध पोचणार कसे? क्लिंडामायसिनसारखी औषधे जंतूंची विषनिर्मिती रोखतात, इतर प्रतिजैविके आणि सलाईन रोग्याचा जीव तगवून धरतात, परंतु मृत मांस काढण्याची कामगिरी शस्त्राखेरीज दुसऱ्या कोणाला साधत नाही.

छेद घेतल्यावर निदान उघड होते. घट्ट पिवळ्या पुवाऐवजी राखी, गढूळ पाणी वाहते. निरोगी अवस्थेत पांढरेशुभ्र चकाकणारे आवरण निस्तेज झालेले असते. आणि एरवी ज्या थरांना सोडवण्यास प्रयास पडतात, त्यांच्यामधून शल्यवैद्याचे बोट विनासायास पुढे सरकते. जेथे कापल्यावर ताजे रक्त येते तेथपर्यंत सर्व मृत भाग काढावा लागतो, आणि साधारण चोवीस तासांच्या आत पुन्हा जखम तपासून, रोग पुढे सरकला असल्यास, पुन्हा कापावे लागते. क्वचित संपूर्ण पाय काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो निष्ठुर वाटला तरी प्राण वाचवण्यासाठी असतो. जखम स्वच्छ झाल्यावर मांडीची पातळ त्वचा घेऊन त्वचारोपण करतात, आणि आखडलेले सांधे व्यायामाने पूर्ववत चालते करण्यास पुढे महिने लागतात.

या साऱ्या खटाटोपाचे यश बरेचसे पहिल्या रात्री घरात काय ठरते यावर अवलंबून असते. लेप लावून पाहणे, शेकणे, वेदनाशामक गोळी देऊन सकाळची वाट पाहणे, यांत मोलाचे तास जातात. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहून ठेवावी, पण रेघ ओलांडली जाईपर्यंत थांबू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय त्याच रात्री गाठावे आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची संमती मागितली तर गावाहून कोणी वडीलधारे येईपर्यंत ती अडवून धरू नये. मधुमेह्यांनी रोज रात्री तळवे व बेचके पाहण्याचा आणि अनवाणी न चालण्याचा नेम कसोशीने पाळावा. ज्या पायांवर घर उभे असते, त्यांची एवढी काळजी घेणे हे घराचेच कर्तव्य आहे.