एक माहिती, एकच जागा
(डेटाबेसची तोंडओळख)

म्हैसूर शहराच्या वायव्येस हूटगळ्ळीचा औद्योगिक परिसर आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिस कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल याच भागात आहे. देशभरातून निवडलेले नवपदवीधर येथे काही महिने राहून संगणकाचे पायाभूत शिक्षण घेतात. डेटाबेस हा त्यातील एक महत्त्वाचा विषय होय.

त्या परिसरातील शाखेत माझी नेमणूक असताना सांगलीकडची एक प्रशिक्षणार्थी पत्ताबदलाचा अर्ज घेऊन आली. अर्ज देता देता तिने विचारले, "सर, माझा पत्ता बँकेत किती ठिकाणी लिहिलेला असतो?" वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मला या प्रश्नाचे प्रयोजन चटकन उमगले नाही. तिने एका कोऱ्या स्लिपच्या मागे तीन चौकटी आखून ते समजावले, तेव्हा मला एक जुनी घटना आठवली.

पूर्वी एका शाखेत काम करीत असताना एक निवृत्त शिक्षिका तक्रार घेऊन आल्या होत्या. उत्पन्न करपात्र नसल्याने त्यांनी १५-एच नमुना वेळेवर भरून दिला होता, तरीही एका ठेवीच्या व्याजातून कर कापला गेला. शोध घेता असे आढळले, की त्यांच्या नावे दोन ग्राहक क्रमांक होते. नमुना एका क्रमांकावर नोंदला गेला आणि ती ठेव दुसऱ्या क्रमांकाखाली होती. संगणकाच्या लेखी त्या दोन भिन्न व्यक्ती होत्या! कापलेला कर परत मिळवण्यासाठी बाईंना विवरणपत्र भरावे लागले. हिशेबात एका पैशाची चूक नव्हती. चूक होती ती माहितीच्या मांडणीत.

तक्त्यांची मांडणी

या मांडणीचे शास्त्र एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने १९७० साली एका शोधनिबंधात मांडले. निबंधाच्या शीर्षकातच 'डेटा बँक' हे शब्द होते, हा योगायोग आपल्याला सुखावणारा आहे. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांमधील संबंध त्यांतील मूल्यांवरूनच जोडावेत, हे त्याचे सूत्र. या कार्यासाठी कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

बँकेचे उदाहरण घेऊ. पहिला तक्ता ग्राहकांचा, दुसरा खात्यांचा, तिसरा व्यवहारांचा. ग्राहकाच्या तक्त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख व पॅन येतील. नावावरून ग्राहक ओळखता येत नाही. एकाच गावात एकाच नावाच्या चार व्यक्ती सहज सापडतात. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र ग्राहक क्रमांक दिला जातो. यास 'प्रायमरी की' म्हणतात. खात्याच्या तक्त्यात पत्ता पुन्हा लिहायचा नाही, फक्त ग्राहक क्रमांक लिहायचा. दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणारा हा क्रमांक म्हणजे 'फॉरेन की'.

संयुक्त खाते असल्यास काय करावे? एका व्यक्तीची अनेक खाती असतात आणि एका खात्याचे अनेक धारकही असतात. अशा वेळी ग्राहक क्रमांक व खाते क्रमांक यांची जोडी नोंदवणारा चौथा तक्ता करतात. असे संबंध आधी कागदावर आकृतीने मांडण्याची पद्धत पीटर चेन यांनी १९७६ साली सुचवली. घर बांधण्यापूर्वी नकाशा काढावा, तसेच हे आहे.

एकच माहिती अनेक ठिकाणी राहणार नाही, अशा रीतीने तक्ते विभागण्याच्या प्रक्रियेस 'नॉर्मलायझेशन' म्हणतात. पत्ता पाच ठिकाणी लिहिला आणि बदल चारच ठिकाणी झाला, तर खरा पत्ता कोणता हे संगणक सांगू शकत नाही.

जमा आणि नावे

डेटाबेसचे दुसरे तत्त्व आपल्या द्विनोंदी पद्धतीच्या जवळचे आहे. एका खात्यातून ५,००० रुपये दुसऱ्या खात्यात वळवताना पहिल्यात नावे व दुसऱ्यात जमा अशा दोन नोंदी होतात. मध्येच वीज गेली तर? उत्तम डेटाबेस या दोन्ही नोंदींना मिळून एकच व्यवहार मानतो. दोन्ही पूर्ण झाल्या तरच त्या कायम होतात, अन्यथा झालेली नोंदही मागे घेतली जाते. अर्धवट व्यवहारास तेथे स्थान नाही.

यंत्राची मर्यादा

प्रायमरी की एक क्रमांक दोघांना देऊ देत नाही; परंतु एकाच व्यक्तीला दोन क्रमांक दिले जाणे ती एकटी रोखू शकत नाही. एक पॅन एकाच ग्राहकाकडे असावा, असा नियम डेटाबेसमध्ये घालता येतो. तथापि पॅन न घेता उघडलेले जुने खाते त्यातूनही निसटते. 'पाटील एस. के.' आणि 'सुनीता पाटील' एकच आहेत की नाहीत, हे अखेर काउंटरवरील माणसालाच ठरवावे लागते. म्हणून सहकाऱ्यांनी नवा क्रमांक देण्यापूर्वी जुना शोधावा. ग्राहकांनीही आपली सर्व खाती व ठेवी एकाच ग्राहक क्रमांकाखाली आहेत ना, हे शाखेत विचारून घ्यावे. नसल्यास एकत्रीकरणाचा अर्ज द्यावा.

त्या मुलीला उत्तर देण्यापूर्वी मी संगणकावर तिचे नाव, जन्मतारीख आणि पॅन शोधून पाहिले. नोंद एकच होती. "एकाच ठिकाणी," मी म्हणालो आणि तेथेच तिचा नवा पत्ता लिहिला.